रेझ्युमेवरची न झालेली एम.एस्सी. आणि अमेरिकेतला सिक्युरिटी क्लिअरन्स

प्रश्न विचारणाऱ्या ताईंची हकिगत थोडक्यात अशी. पुणे विद्यापीठातून तीन वर्षांची बी.एस्सी. झाली, पुढे एम.एस्सी.ला प्रवेश घेतला, शेवटच्या सत्रातले दोन पेपर राहिले आणि ते कायमचेच राहिले. २००७ साली न्यू जर्सीतल्या एका कन्सल्टन्सीने त्यांचा रेझ्युमे ‘मार्केटिंग’साठी बनवला. त्यात एम.एस्सी. पूर्ण झाली आणि अनुभवही दोन वर्षांनी वाढला. मग एच-१बी हा नोकरीचा व्हिसा, ग्रीन कार्ड, २०१९ मध्ये नागरिकत्व. रेझ्युमेत नव्या नोकऱ्यांची भर पडत गेली, पण जुन्या ओळी तशाच राहिल्या. आता मेरीलँडमधल्या एका डिफेन्स कॉन्ट्रॅक्टरने, म्हणजे संरक्षण खात्याची कामं घेणाऱ्या खाजगी कंपनीने, ऑफर दिली आहे, त्यासाठी सीक्रेट क्लिअरन्स, म्हणजे सरकारची गोपनीय माहिती हाताळायची परवानगी, लागतो आणि फॉर्म भरायची लिंक आली आहे. यजमानांचं मत असं, की इतकं जुनं कोण उकरणार आणि पुण्याला पत्र कोण लिहिणार. ताईंचा प्रश्न : फॉर्मवर काय लिहू, आणि हे बाहेर आलं तर क्लिअरन्स गेलाच का?

मी व्हर्जिनियात याच प्रकारच्या प्रकरणांत वकिली करतो. माझं उत्तर : गेलाच असं नाही, पण आज ज्या स्थितीत तुम्ही आहात त्याच स्थितीत ‘सबमिट’ दाबलंत तर जाण्याची शक्यता बरीच मोठी आहे. आधी दोन कामं उरकायची आहेत. ती का, ते नीट सांगतो, कारण कारण कळलं नाही तर माणूस कामं अर्धवट करतो.

क्लिअरन्स हा कोणाचा हक्क नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या ‘डिपार्टमेंट ऑफ द नेव्ही विरुद्ध ईगन’ खटल्यात स्पष्ट केलं आहे. निर्णय देताना ज्या कसोट्या लावतात त्या १३ आहेत, ‘ए’ पासून ‘एम’ पर्यंत. त्यांची सध्याची आवृत्ती जून २०१७ पासून लागू आहे. कर्ज, दारू, परदेशातले नातेवाईक यांच्यासाठी वेगवेगळ्या कसोट्या आहेत. तुमचं प्रकरण ‘ई’ मध्ये बसतं, म्हणजे वैयक्तिक वर्तन. आणि शंका उरली तर तिचा फायदा अर्जदाराला मिळत नाही, देशाच्या सुरक्षेला मिळतो. फौजदारी खटल्याची सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं. उलटंच आहे ते.

आता ‘ई’ चं कलम वाचताना बहुतेक जण एकच ओळ पाहतात : सुरक्षेच्या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं किंवा लपवणं. मग म्हणतात, ‘मी तर फॉर्मवर खरंच लिहीन, मग प्रश्न कुठे?’ त्याच कलमात पुढे नोकरीची पात्रता ठरवण्यासाठी वापरलेल्या फॉर्मचाही उल्लेख आहे, आणि त्याच्या पुढच्या कलमात तर मालकाला, म्हणजे एम्प्लॉयरला, दिलेली खोटी माहिती थेट मोजली आहे. खाजगी कंपनीला पाठवलेला रेझ्युमे सरकारी कागद नसतो म्हणून तो सुटतो, हा गैरसमज मी दर महिन्याला कुणाकडून तरी ऐकतो.

फॉर्मचं नाव एसएफ-८६. पूर्वी तो ई-क्विप या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर भरत, आता ई-अ‍ॅपवर. शिक्षणाचा विभाग बारावा. तिथे विचारतात ते दोनच मुद्दे : गेल्या १० वर्षांत कुठल्या शाळा-कॉलेजात होतात का, आणि १० वर्षांपूर्वी एखादी पदवी किंवा डिप्लोमा मिळाला का. तुमची बी.एस्सी. दुसऱ्या प्रश्नात येते, ती लिहायची. एम.एस्सी. १० वर्षांपेक्षा जुनी आहे आणि पदवी मिळालेली नाही, म्हणजे बाराव्या विभागाला ती नकोच आहे. इथेच लोक फसतात. एम.एस्सी.चा रकाना उघडलाच नाही की खोटं बोलावं लागत नाही, फॉर्म स्वच्छ, मन शांत! पण त्याच आठवड्यात तुमच्या नावाचा जो रेझ्युमे कंपनीच्या फाइलीत आहे त्यावर एम.एस्सी. आहे. फॉर्म एक सांगतो, रेझ्युमे दुसरं. आणि कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसरला फॉर्म पूर्ण भरलाय का हे पाहण्यापुरता तो वाचायचा अधिकार असतो. त्याने ते इतरांना सांगायचं नसतं, हे खरं. पण चौकशी अधिकारी कंपनीत फाइल पाहायला आला की दोन्ही कागद टेबलावर येतात.

माझ्या मते तुमच्या प्रश्नातली खरी गोष्ट तुमच्या लक्षात आलेली नाही. तुम्ही लिहिता, ‘सतरा-अठरा वर्षांपूर्वीची चूक’. कसोटी ‘ई’ मध्ये एक सवलत आहे खरी : गोष्ट किरकोळ असेल, किंवा तिला बराच काळ लोटला असेल, किंवा परिस्थिती अशी वेगळी असेल की ती पुन्हा घडणार नाही, तर ती माफ करता येते. वकील म्हणून मला ही सवलत फार आवडते. पण तुमच्या बाबतीत काळ लोटलेलाच नाही. कन्सल्टन्सीने ते २००७ मध्ये लिहिलं. तुम्ही ते गेल्या महिन्यात पाठवलंत. ज्या दिवशी तो रेझ्युमे या कंपनीला ईमेल केलात त्या तारखेचं ते खोटं आहे, आणि त्यामागे तेवीस वर्षांची अननुभवी मुलगी नाही, चाळिशी ओलांडलेली सीनियर इंजिनिअर आहे. न्यायाधीश नेमकं हेच वय आणि हाच अनुभव मोजतात.

सुनावणीत हे कसं दिसतं, ते सांगतो. कॉन्ट्रॅक्टरच्या नोकरांच्या सुनावण्या संरक्षण खात्याच्या ‘डोहा’ या कार्यालयाच्या प्रशासकीय न्यायाधीशांपुढे होतात. सरकारी बाजूला डिपार्टमेंट काउन्सेल नावाचा वकील असतो. तो आवाज चढवत नाही. अर्जदाराचे वेगवेगळ्या वर्षांचे तीन रेझ्युमे शेजारी शेजारी ठेवतो आणि विचारतो, ‘या ओळीत लिहिलंय ते खरं आहे का?’ ‘नाही.’ ‘हा कागद कोणी पाठवला?’ ‘मी.’ ‘पाठवायच्या आधी वाचला होतात?’ तिथे खोलीत शांतता. ‘वाचला नव्हता’ म्हणालात तर बेफिकीर, ‘वाचला होता’ म्हणालात तर लबाड. मग तिसरा रेझ्युमे आणि तेच तीन प्रश्न. ‘कन्सल्टन्सीने लिहिलं होतं’ हे उत्तर पहिल्या कागदापुरतं थोडंफार चालतं, तिसऱ्याला हास्यास्पद होतं. सल्ल्यावर विसंबल्याची सवलत कसोटीत आहे, पण सल्ला वकिलाचा किंवा असा सल्ला देणं ज्याचं व्यावसायिक कामच आहे अशा माणसाचा हवा. कन्सल्टन्सीतला ‘अरे, सगळेच लिहितात’ म्हणणारा भाऊ त्यात बसत नाही.

याउलट ज्या सवलतीवर प्रकरणं जिंकली जातात ती दुसरी आहे : कोणी पुरावा समोर ठेवण्याआधी, स्वतःहून, लवकर, चांगल्या हेतूने दुरुस्ती करणं. यातला प्रत्येक शब्द तपासला जातो. अधिकाऱ्याने मुलाखतीत ‘तुमच्या एम.एस्सी.बद्दल बोलू या’ असं म्हटल्यावर तुम्ही सगळं खरं सांगितलंत, अगदी रडून सांगितलंत, तरी ती स्वतःहून केलेली दुरुस्ती नाही. तेच तुम्ही त्याच मुलाखतीत त्याने विषय काढायच्या आधी सांगितलंत तर चित्र पालटतं. मुलाखतीच्याही आधी, फॉर्मवर सही करायच्या आधी, कंपनीला लेखी कळवलंत तर आणखी पालटतं. तथ्य तेच, पदवी तीच अर्धवट. फरक फक्त क्रमाचा.

आता दोन कामांपैकी पहिलं, आणि हे जास्त नाजूक आहे. तुम्ही ओझरतं लिहिलंय, ‘एच-१बीच्या अर्जात काय होतं ते आठवत नाही.’ हे आठवलंच पाहिजे. एच-१बीला अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीच्या तोडीचं शिक्षण लागतं. आपली तीन वर्षांची बी.एस्सी. एकटी सहसा तिथे पुरत नाही. कमी पडणारं वर्ष दोन वाटांनी भरतात. एक म्हणजे वरची पदवी दाखवणं. दुसरी म्हणजे अनुभव, आणि तिथे शिक्षणाच्या एका वर्षामागे तीन वर्षांचा कामाचा अनुभव धरतात. आता तुमच्या रेझ्युमेत काय वाढवलं होतं ते पाहा : एम.एस्सी. आणि दोन वर्षांचा अनुभव. कन्सल्टन्सीने ते सहज, शोभेसाठी वाढवलं होतं असं मला वाटत नाही. त्या अर्जाला, त्यासोबतच्या शैक्षणिक मूल्यांकनाला किंवा अनुभवाच्या पत्रांना याच दोन गोष्टी जोडल्या गेल्या असतील तर विषय रेझ्युमेचा राहत नाही. व्हिसा मिळवताना महत्त्वाच्या बाबीत खोटी माहिती, असा होतो. ग्रीन कार्डाच्या वेळी तेच पुढे आलं असेल, आणि नागरिकत्वाच्या एन-४०० फॉर्मवर ‘अमेरिकी अधिकाऱ्यांना कधी खोटी माहिती दिली आहे का’ या प्रश्नाला तुम्ही ‘नाही’ लिहिलं असेल. नागरिकत्व रद्द करण्याच्या दिवाणी कारवाईला मुदतीची मर्यादा नाही. २०१७ च्या मास्लेन्याक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एवढा दिलासा दिला, की फौजदारी खटल्यातून नागरिकत्व काढायचं तर त्या खोट्याचा नागरिकत्व मिळण्याशी संबंध दाखवावा लागतो. पण या दिलाशावर विसंबून कोणी फॉर्म भरू नये.

म्हणून ई-अ‍ॅपला हात लावण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जा. माझ्यासारख्या क्लिअरन्सच्या वकिलाकडे एकट्याकडे नको, दोघांनी मिळून पाहायला हवं. जुन्या कंपनीकडे किंवा तिच्या वकिलाकडे अर्जाची प्रत मागा. मिळाली नाही तर यूएससीआयएसकडे, म्हणजे इमिग्रेशनच्या सरकारी खात्याकडे, माहितीच्या कायद्याखाली तुमची फाइल मागता येते. फॉर्मसाठी मुदत वाढवून हवी असेल तर सिक्युरिटी ऑफिसरला तसं सांगा. कागद पाहिल्यावर कदाचित कळेल की वकिलाने तेव्हा बी.एस्सी. आणि खरा अनुभवच दाखवला होता. असं झालं तर तुमचं प्रकरण एकदम हलकं होतं. तसं नसेल तर या नोकरीच्या मागे लागायचं की नाही हाच पहिला निर्णय. क्लिअरन्ससाठी अर्ज करायला कोणी बळजबरी करत नाही. मात्र एकदा अर्ज केला की प्रश्नाचं उत्तर न देणं हाही नकाराचा आधार ठरतो, आणि खोटं उत्तर तर केंद्रीय गुन्हा, ५ वर्षांपर्यंत कैद. मधली वाट उरत नाही.

दुसरं काम कंपनीला कळवण्याचं. इमिग्रेशनचा मुद्दा वकिलाने मोकळा केला की एचआरला आणि ज्याने ऑफर दिली त्या मॅनेजरला एक छोटा ईमेल. त्यात भावनिक काही नको. एवढंच : मी दिलेल्या रेझ्युमेत एम.एस्सी. पूर्ण झाल्याचं आणि अमुक कंपनीत अमुक काळ काम केल्याचं लिहिलं आहे, ते चूक आहे. मी एम.एस्सी.चं शेवटचं सत्र पूर्ण केलेलं नाही, माझी सर्वोच्च पदवी बी.एस्सी. आहे, तिथल्या नोकरीच्या खऱ्या तारखा या. दुरुस्त रेझ्युमे सोबत आहे. ‘टायपिंगची चूक’ असं चुकूनही लिहू नका. अठरा वर्षं टिकलेली टायपिंगची चूक कुठल्याच न्यायाधीशाने पाहिलेली नसते. या ईमेलची प्रत जपून ठेवा. पुढे प्रकरण तापलंच तर तारखेसकट हा तुमचा सगळ्यात वजनदार कागद असेल.

ऑफर मागे घेतली जाईल का? जाऊ शकते, आणि हे तुमच्यापासून लपवणार नाही. डिफेन्स कॉन्ट्रॅक्टरकडे पदवीला जास्त किंमत असण्याचं कारण पैशाचं असतं. सरकारशी झालेल्या करारात माणसांच्या श्रेण्या ठरलेल्या असतात, अमुक श्रेणीला पदव्युत्तर शिक्षण आणि इतकी वर्षं अनुभव, आणि त्यानुसार तासाचा दर. बी.एस्सी.च्या माणसाला एम.एस्सी.च्या दराने लावलं तर कंपनीने सरकारला खोटं बिल दिल्यासारखं होतं आणि ‘फॉल्स क्लेम्स’ कायद्याखाली तिच्यावर तिप्पट नुकसानभरपाईची टांगती तलवार येते. त्यामुळे तुम्ही रुजू होण्याआधी सांगितलंत तर बऱ्याच कंपन्या श्रेणी बदलून, पगार थोडा कमी करून घेतात. रुजू झाल्यावर, बिलं गेल्यावर कळलं तर सहसा काढूनच टाकतात. आणि मग ते काढून टाकणं पुढच्या एसएफ-८६ वर नोकऱ्यांच्या विभागात लिहावं लागतं.

‘पुण्याला पत्र कोण लिहिणार’ याबद्दल. सीक्रेटच्या चौकशीत परदेशी विद्यापीठाशी पत्रव्यवहार होईलच असं नाही, त्याहून वरच्या टॉप सीक्रेटला पडताळणी जास्त खोल असते. पण पकडले जाण्याच्या वाटा विद्यापीठातून फारशा जातच नाहीत. तुमची इमिग्रेशन फाइल, जुने एम्प्लॉयर, लिंक्डइनवरचं तुमचं स्वतःचं पान, आणि एकमेकांशी न जुळणारे तुमचेच फॉर्म. सार्वजनिक समाजमाध्यमं पाहायची परवानगी चौकशी करणाऱ्यांना २०१६ पासून आहे. आता पाच-दहा वर्षांनी फेरतपासणी करण्याऐवजी सतत नजर ठेवण्याची पद्धत आली आहे. आणखी एक गोष्ट मराठी माणसाला पटकन कळेल : तुमचे दोन पेपर राहिले हे तुमच्या अख्ख्या बॅचला ठाऊक आहे. कसोटी ‘ई’ मध्ये याचा वेगळा उल्लेख आहे, की लपवलेली गोष्ट वापरून कोणी दबाव आणू शकेल का. ज्या गोष्टीची वाच्यता झाली तर नोकरी जाईल आणि जी परदेशातल्या बऱ्याच लोकांना माहीत आहे, ती दबावाची उत्तम सामग्री. म्हणून तुम्ही यजमानांना आधीच सांगितलंय हे चांगलं केलंत. कंपनीला कळवलं की त्या दबावात काही दम उरत नाही.

सगळ्याच विसंगती खोट्या नसतात, हेही नोंदवतो, नाहीतर माझं वाचून कोणीतरी नाहक घाबरेल. निकाल मे महिन्यात, प्रमाणपत्रावर पदवीदान समारंभाची तारीख पुढच्या वर्षाची, आणि फॉर्मवर भलतंच वर्ष, हे आपल्याकडे घरोघरी आहे. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाचं नाव बदललं, त्यामुळे जुन्या आणि नव्या कागदांवर नावं वेगळी. लग्नानंतर बदललेलं आडनाव. एटीकेटी घेऊन सहा महिने उशिरा सुटलेली पदवी. सरकारला ‘जाणूनबुजून’ सिद्ध करावं लागतं, नुसती चूक दाखवून भागत नाही. अशा गोष्टी फॉर्मच्या टिप्पणीच्या रकान्यात दोन ओळींत लिहून टाकाव्यात.

पैसे मोजून घेतलेल्या पदव्यांचं काय, असं दुसऱ्या एका वाचकाने विचारलं होतं. २००३-०४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये यावरून मोठी खळबळ झाली. होमलँड सिक्युरिटी खात्यातल्या एक वरिष्ठ अधिकारी, लॉरा कॅलाहन, यांच्या पदव्या वायोमिंगमधल्या हॅमिल्टन युनिव्हर्सिटी नावाच्या मान्यता नसलेल्या संस्थेच्या निघाल्या आणि त्यांना पद सोडावं लागलं. पुढे संसदेच्या लेखापरीक्षकांनी तपासलं तर अशाच तीन संस्थांच्या नोंदींत ४६३ केंद्रीय कर्मचारी सापडले. तिथे बचाव ठरलेला असतो, ‘माझ्याकडे प्रमाणपत्र आहे, मी खोटं कुठे लिहिलं?’ प्रमाणपत्र आहे, पण ते कसं मिळालं हे माहीत असूनही ते पदवी म्हणून लिहिलंत, हा आक्षेप उरतोच. आपल्याकडे यूजीसी बनावट विद्यापीठांची यादी काढते, तिच्यात नागपूरची एक संस्था वर्षानुवर्षं आहे. आपल्या संस्थेचं नाव त्या यादीत नाही ना, हे भारतात शिकलेल्यांनी एकदा पाहून घ्यावं.

सगळं करूनही ‘स्टेटमेंट ऑफ रीझन्स’, म्हणजे क्लिअरन्स का देऊ नये याची कारणं सांगणारं सरकारी पत्र, आलं तर? ते पत्र म्हणजे अंतिम नकार नव्हे. त्यात आरोप १.अ, १.ब असे क्रमाने असतात, प्रत्येकापुढे ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ लिहून २० दिवसांत उत्तर द्यायचं असतं आणि सुनावणी हवी असल्यास तिथेच मागायची. मागाच. तुम्ही समोर बसून सांगितलेलं आणि कागदावरून वाचलेलं यात न्यायाधीशाला जमीन-अस्मानाचा फरक पडतो. सगळे पुरावे तिथेच द्या, कारण अपील मंडळ नवा पुरावा घेत नाही. निकाल विरोधात गेला तर पुन्हा अर्ज करायला वर्षभर थांबावं लागतं. डोहाचे निकाल नावं काढून संकेतस्थळावर असतात. ‘ई’ कसोटीचे दहा-बारा वाचलेत तर माझ्या या उत्तराची गरज उरणार नाही.

शेवटी, तुम्ही विचारलंय की आता ते दोन पेपर देऊन एम.एस्सी. पूर्ण करून टाकू का. विद्यापीठ परवानगी देत असेल तर हौस म्हणून जरूर द्या. पण पदवीवर तारीख आजची येईल, रेझ्युमेवरही आजचीच लिहावी लागेल, आणि वरच्या ईमेलमधली एकही ओळ त्यामुळे कमी होणार नाही. तो आधी पाठवा.